चुगलखोर की जागल्या?

प्रश्न: मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मध्यंतरी एकाच कामाची दोन बिलं माझ्यासमोर आली, तारीख वेगळी, बिल नंबर वेगळा, बाकी सगळं तेच, अगदी स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, तू तुझं काम कर. शेजारी बसणाऱ्या मित्राला सांगितलं तर तो म्हणे, चुगलखोराला कुणी जवळ करत नाही. बाहेरच्या देशांत म्हणे अशा माणसाला सरकार बक्षीस देतं, मग मलाच चोरी केल्यासारखं का वाटतंय? – एक वाचक

उत्तर: चोरी केल्यासारखं वाटतंय कारण तुमच्या मित्राने जो शब्द वापरला तो आपण शाळेपासून ऐकत आलोय. बाईंना नाव सांगणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घेत नाही, ते डोक्यात पक्कं बसतं. आणि हे फक्त मराठीत नाही. जर्मनमध्ये अशा माणसाला 'स्वतःचं घरटं घाण करणारा' म्हणतात, पण तिथे त्यामागे मोठी जखम आहे, आधी नाझी आणि मग पूर्व जर्मनीत श्टाझी, म्हणजे तिथले गुप्त पोलीस, दोन्ही राजवटींत शेजाऱ्याने शेजाऱ्याची खबर दिली आणि माणसं तुरुंगात गेली, त्यामुळे तिथे कुणाबद्दल सांगायचं म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. डच लोक मात्र त्यालाच 'घंटा वाजवणारा' म्हणतात, म्हणजे आग लागली की गावाला उठवणारा. आपल्याकडेही जागल्या आहेच की, रात्री गावाची राखण करणारा, व्हिसलब्लोअरसाठी, म्हणजे आतली गडबड उघड करणाऱ्यासाठी, मराठीत आता हाच शब्द चालतो.

बक्षिसाचं खरं आहे. अमेरिकेत 1863 साली, यादवी युद्ध चालू असताना, लष्कराला खराब माल विकणाऱ्या कंत्राटदारांना धरायला कायदा आला, आजही त्यात सरकारचे वसूल झालेल्या पैशातले साधारण 15 ते 30 टक्के माहिती देणाऱ्याला मिळू शकतात. ब्रिटनने तो रस्ता घेतला नाही, तिथे 1998 च्या कायद्यात बक्षीस नाही, नोकरीचं संरक्षण आहे, आणि त्यामागे काही भयंकर अपघात होते. 1987 मध्ये बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर एक फेरी बोट उलटली, 193 माणसं गेली, बोटीचा पुढचा दरवाजा उघडाच राहिला होता. दरवाजा बंद झालाय की नाही हे कप्तानाला दिसावं म्हणून एक दिवा बसवा, असं कंपनीच्याच कप्तानांनी आधी लिहून मागितलं होतं. वरच्यांनी ते उडवून लावलं. मला ही गोष्ट आठवली की दर वेळी त्या एका दिव्याचाच विचार येतो.

पण कायदा आला म्हणजे झालं असंही नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं. जपानमध्ये 2006 पासून कायदा लागू आहे. 2007 मध्ये ऑलिंपस कंपनीतल्या एका सेल्सच्या माणसाने कंपनीच्याच हॉटलाइनवर तक्रार केली, हॉटलाइनवाल्यांनी त्याचं नाव साहेबांपर्यंत पोचवलं, आणि त्याची बदली अशा खात्यात झाली जिथलं काम त्याला येतच नव्हतं. तो कोर्टात गेला, खाली हरला, वर जिंकला, 2012 मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकला. पाच वर्षं! म्हणून मला युरोपियन युनियनचा 2019 चा नियम जास्त आवडतो, त्यात नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, तक्रार मिळाल्याची पोच 7 दिवसांत द्यायची, आणि नंतर त्या माणसाला काढलं किंवा त्रास दिला तर 'हे तक्रारीमुळे केलं नाही' हे मालकाने सिद्ध करायचं. एकट्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं कंपनीच्या डोक्यावर गेलं. घरटं घाण करण्याची भीती असलेल्या जर्मनीनेसुद्धा 2023 मध्ये, उशिरा का होईना, तसा कायदा केलाच.

भारतात 2014 साली कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागूच केला गेला नाही. याचा मला राग येतो. शिवाय तो सरकारी कारभारासाठी होता, तुमची कंपनी खासगी. शेअर बाजारात लिस्टेड असेल तर कंपनी कायदा 2013 प्रमाणे तिच्याकडे तक्रारीची व्यवस्था असायलाच हवी, ती आहे का आणि तक्रार नक्की कुणाकडे जाते ते आधी बघा, तुमच्या साहेबांकडेच जात असेल तर थांबा.

आज एवढं करा. दोन्ही बिलांचे नंबर, तारखा, साहेबांना कधी दाखवलं आणि ते काय म्हणाले हे सगळं घरच्या वहीत तारीख घालून लिहा. ऑफिसचे कागद घरी आणू नका, फोटोही काढू नका, उद्या तुमच्यावरच चोरीचा आळ यायचा, त्याआधी वकिलाला विचारा. लिहिताना 'अफरातफर' असा शब्द नको, 'एकाच कामाची दोन बिलं दिसली, तपासावीत' एवढंच लिहा, कारण कदाचित साधी चूकही असेल. आणि मित्रावर रागावू नका, तोही घाबरलाय. पुढे काय झालं ते कळवा, नाव छापणार नाही.