12345678987654321 ही संख्या पूर्ण वर्ग आहे का? मूळ संख्या आहे का?

हो, पूर्ण वर्ग आहे, 111111111 (नऊ वेळा 1) चा, त्यामुळे अर्थातच मूळ संख्या असू शकत नाही. कागदावर उभा गुणाकार मांडून बघा, 111111111 च्याच नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, म्हणून उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एकच 1, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रांगेत नऊ आणि मग पुन्हा उतरत एकावर, आणि कुठेही बेरीज 9 च्या वर जात नसल्याने हातचा येतच नाही, सगळी गंमत तिथेच आहे. अवयव पाडले तर 111111111 = 3 × 3 × 37 × 333667, म्हणजे तुमच्या संख्येत 3 चार वेळा, 37 दोनदा आणि 333667 दोनदा, एकूण विभाजक 45. अंकांची बेरीज 81 येते आणि संख्येला 81 ने पूर्ण भागही जातो, मला हे फार आवडतं.

अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात, हे नाव देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं.

फक्त हा पॅटर्न नऊ एककांपर्यंतच चालतो हां, दहा वेळा 1 घेतले की मधल्या रांगेची बेरीज 10 होते, हातचा येतो आणि उत्तर 1234567900987654321 असं निघतं. आणि पडताळा एक्सेलमध्ये करू नका, ते 15 च अंक ठेवतं, शेवटचे दोन शून्य दाखवेल.