सुरतेच्या किनाऱ्यावर पक्षी पाहायचे तर रजेआधी भरतीची वेळ पाहा

अमळनेरहून तुम्ही लिहिले आहे की शाळेपासूनचा मित्र सुरतेलगतच्या उधन्यात स्थायिक झाला आहे, दोघांनाही पक्षिनिरीक्षणाचा नाद आहे, पण गेल्या हिवाळ्यात सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर गेलात तेव्हा चिखल आणि त्यात दूरवर हलणारे ठिपके एवढेच पदरी पडले. आता जानेवारीत तीन दिवस पुन्हा जायचे आहे, तर दुर्बीण कोणती घ्यावी आणि परवानगी कोणाची काढावी. हे वाचून मला राहवले नाही, कारण माझाही मित्र तिकडेच असतो आणि त्याच ठिपक्यांकडे पाहत आम्हीही हळहळलो आहोत. दुर्बीण नवी घेऊ नका. हतनूर धरणावर जी वापरता तीच पुरेल.

हतनूरला किंवा अनेरच्या जलाशयावर आपण सूर्याकडे पाहून निघतो. पहाटे पोहोचलो की बदके जिथे असतात तिथेच उन्हे चढेपर्यंत सापडतात. समुद्रकाठच्या पक्ष्यांचा दिवस मात्र पाण्याच्या चढउतारावर चालतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात कोरल, टिलवे आणि चिखल्या हे पक्षी किडे, शिंपले, खेकडे शोधत पांगतात, आणि खंबातच्या आखाताच्या तोंडाशी किनारा इतका सपाट आहे की पाण्याबरोबर तेही नजरेच्या टप्प्यापलीकडे जातात. भरती चढू लागली की तोच चिखल बुडत येतो, पक्षी काठाकडे रेटले जातात आणि शेवटी उंचवट्यावर किंवा बांधावर थवे करून उभे राहतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर जाऊन बसावे आणि जागा सोडू नये. अशाच एका चढत्या भरतीत एक कोरल आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आला होता. त्याने बाकदार चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून खेकडा ओढून काढला, तो झटकत झटकत त्याचे पाय एकेक करून गाळले आणि मग उरलेले अंग गिळले; मित्राच्या टेलिस्कोपमधून त्याच्या चोचीवर वाळत चाललेला चिखलसुद्धा दिसत होता. तेवढ्यासाठी इतक्या लांब जाणे मला नेहमीच सार्थकी वाटते.

तेव्हा तारखा शाळेच्या सुट्टीवरून ठरवू नका. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात, त्या वेळी पाणी काठापर्यंत येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती अर्ध्यावरच थांबते आणि पक्षी लांबच राहतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईकडे तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढतात, म्हणजे पंचमीला पावणेचार. पण भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकत येत असल्यामुळे सुरतेला ती मुंबईनंतर पोहोचते, म्हणून हा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. सुरतेजवळच्या हजिरा बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक मिळवा आणि तेच प्रमाण माना.

आता परवानगीविषयी. डुमस आणि दांडी हे खुले किनारे आहेत. दुर्बीण घेऊन तिथे उभे राहायला कोणी अडवत नाही. बंदर, कारखाने आणि कुंपण घातलेल्या जागा यांचा प्रश्न वेगळा आहे. आमचे सर्वांत मोठे नुकसान याच प्रश्नात झाले. एका खाडीलगतच्या बांधावर जाताना रखवालदाराने आम्हाला एका कार्यालयाचे पत्र आणायला सांगितले. कोणते कार्यालय, ते लिहीत नाही. फोनवर उत्तर मिळाले होते की या, लगेच देतो. प्रत्यक्षात आवक-जावकच्या टेबलावरून आम्हाला दुसऱ्या टेबलावर पाठवले गेले. तिथे छापील अर्ज संपले होते, म्हणून समोरच्या दुकानातून झेरॉक्स आणली. मग कळले की अर्ज गुजरातीतच हवा. तो मित्राने लिहून दिल्यावर माझे आधार कार्ड पाहून विचारणा झाली की तुम्ही दुसऱ्या राज्याचे, तर तुमच्या जिल्ह्यातले पत्र कुठे आहे. साहेब बैठकीत होते आणि दुसऱ्या दिवशी ते दौऱ्यावर गेले. अखेर भेटले तेव्हा नकाशा पाहून शांतपणे म्हणाले की तो बांध आमच्या हद्दीतच येत नाही, त्याला आमचे पत्र लागत नाही. हे वाक्य पहिल्या टेबलावरचा माणूसही सांगू शकला असता. तोवर उधाणाचे दिवस निघून गेले होते. मित्र कारखान्यात रोजंदारीवर आहे, त्याची रजा म्हणजे बुडालेला पगार, आणि बाहेर येऊन तो एवढेच म्हणाला, "पाणी उतरी गयं, भाऊ." त्याने तक्रार केली नाही याचे मला आजही अधिक वाईट वाटते.

मी कोणत्याही खात्यात नाही आणि नियम बदलतात, त्यामुळे माझे म्हणणे अंतिम समजू नका. माझे ठाम मत मात्र असे आहे की पाहुण्याने खुल्या किनाऱ्यावरच समाधान मानावे. कुंपणाच्या आतली जागा पाहायचीच असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी लेखी अर्ज करावा आणि त्यात पहिला प्रश्न हाच विचारावा की ही जागा तुमच्या हद्दीत येते काय. उत्तर आले नाही तर तो विचार सोडून द्यावा. ड्रोन तर नेऊच नका, डुमसच्या वाटेवरच विमानतळ आहे.

चिखलात उतरू नका, हे तुमच्या मित्रालाही बजावून सांगा. या आखातात पाणी फार वेगाने चढते. वर भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. समोर कोरडे दिसत असतानाच पाठीमागची लहान खाडी भरते आणि परतीची वाट बंद होते.

डुमसला सुट्टीच्या दिवशी गर्दी आणि कुत्री पक्ष्यांना बसू देत नाहीत, म्हणून तिथे आडवारी जावे. रविवार दांडीला द्या. नवसारीवरून जाता येते, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे स्मारकही तिथेच आहे. खारे वारे लागलेली काच कोरड्या फडक्याने घासू नका, आधी ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या. भुसावळ-सुरत मार्गावरच्या बहुतेक गाड्या उधन्याला थांबतात, तेव्हा सुरतेपर्यंत जाऊन उलटे येऊ नका. भरिताची वांगी मात्र न्या. तिकडे गेलेल्या खान्देशी माणसाला जानेवारीत दुसरे काही देण्याची गरज नसते.

मित्राची रजा हा सर्वांत महागडा भाग आहे, म्हणून तो शेवटी ठरवा. आधी अमावास्या किंवा पौर्णिमा पाहा, मग कोष्टकातून दिवसाउजेडी येणाऱ्या भरतीच्या वेळा काढा, आणि त्याला शक्य असेल तर पूर्ण दिवसाऐवजी तेवढ्या अर्ध्या दिवसाचीच सुट्टी मागायला सांगा.