मामाच्या दुकानाला आलेली नोटीस

प्रश्न : माझी मुलगी अन्न सुरक्षा अधिकारी आहे. माझ्या भावाचं मिठाईचं दुकान तिच्याच हद्दीत येतं. तिने ते स्वतःकडे घेतलं नाही, सहकाऱ्याने तपासलं. आता भावाला सुधारणा नोटीस आली आहे : मिठाईच्या ट्रेवर बेस्ट बिफोर तारीख नाही, कामगारांचे वैद्यकीय दाखले नाहीत. भाऊ म्हणतो, "भाची ऑफिसात असून उपयोग काय?" मुलगी ऐकत नाही. घरात अबोला आहे. तिने साहेबांशी एकदा नुसतं बोललं तर काय बिघडतं?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमची मुलगी बरोबर वागते आहे. तिला घरातून दडपण नको.

आधी भावाचं. नोटीस आली म्हणजे दुकानाला टाळं लागलं असं नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 नुसार काय चुकलं आणि काय दुरुस्त करायचं हे नोटिशीत लिहावंच लागतं, आणि त्यासाठी 14 दिवसांपेक्षा कमी मुदत देता येत नाही. सुट्या मिठाईवर तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं आहे. कामगारांची तपासणी वर्षातून एकदा करायची असते. पाट्या लावा, दाखले काढा, फोटो आणि झेरॉक्स जोडून लेखी उत्तर द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. गप्प बसलात तर मात्र परवाना निलंबित होऊ शकतो. नोटीसच चुकीची वाटत असेल तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं. त्याला 15 दिवस असतात, पण नोटिशीतली मुदत आधी संपत असेल तर तीच धरायची.

आता 'नुसतं बोलणं'. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये सचोटीचा नियम अगदी सुरुवातीला येतो. मामा कागदोपत्री 'कुटुंबा'त मोडत नसेलही. पण साहेबांच्या केबिनमध्ये मामाचं नाव काढलं की ती शिफारसच झाली. दुकान मामाचं आहे, हे तिने वरिष्ठांना लेखी कळवलं नसेल तर आजच कळवू दे.

मी जुन्या कायद्याच्या काळात अन्न निरीक्षक होते. वर्गमैत्रिणीच्या वडिलांच्या डेअरीतून एकदा खव्याचा नमुना घेतला. नमुन्याची किंमत दुकानदाराला द्यावीच लागते. काका पैसे घेईनात. गल्ल्यावर ठेवले तर उचलून माझ्या पिशवीत टाकले. मी तशीच उभी राहिले. गिऱ्हाइकं बघत होती. शेवटी त्यांनी पैसे घेऊन पावतीवर सही केली, तेव्हा मी नमुन्याचे तीन भाग केले आणि बरण्यांना लाख लावली. मैत्रीण दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. फार लागलं ते मनाला. पण खवा प्रमाणित निघाला, आणि ओळखीने अहवाल फिरवला असं बाजारपेठेत कुणालाही म्हणता आलं नाही. काकांनी तो अहवाल दुकानात लावला होता.

तुमच्या भावालाही तेच मिळणार आहे. भाचीने शब्द टाकून नोटीस मिटवली तर शेजारचा हलवाई जन्मभर तेच ऐकवेल. नोटीस मिटेपर्यंत त्यांच्या दुकानाचा पुडा तिच्या ऑफिसात जाऊ देऊ नका. भाऊबीज घरीच होऊ दे.

आणि भावाकडे तुम्ही स्वतः जा. नोटीस समोर ठेवून एकेक मुद्दा वाचा. ट्रेच्या पाट्या लिहायला त्यांच्याबरोबर तुम्हीच बसा.