नव्यानं शिकवायला लागलेल्या सहकाऱ्यास

रुजू झाल्या झाल्या प्रयोगशाळा उभी करायची, प्रस्ताव लिहायचे, ही घाई असणारच. पण पहिल्या वर्षाचा तास उरकायचा म्हणून घेऊ नकोस. पोरांना ते पाच मिनिटांत कळतं.

माझं पहिलं सत्र स्लाइडांतच गेलं. "समजलं का?" विचारलं की सगळे माना डोलवायचे, पेपर तपासताना मी डोकं धरून बसलो. आता फळ्यावर एक प्रश्न, चार पर्याय. आधी प्रत्येकानं बोटं दाखवायची, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा बोटं. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी ही रीत १९९१ पासून रुळवली. २०१४ साली २२५ अभ्यास एकत्र पडताळले गेले: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास, सहभागाच्या वर्गांत २२. अर्थात, अभ्यासक्रम थोडा मागे पडतो. पडू दे.

पुण्यात बीड-नंदुरबारहून मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत प्रश्न विचारायला बिचकतात. मराठीत विचारा म्हण, आणि तोच प्रश्न इंग्रजीत सगळ्यांना ऐकव. एकदा मागून आलं, "सर, एन्ट्रॉपी म्हणजे पसारा का?" त्यावर अख्खा तास रंगला.

ट्युटोरियल घेणाऱ्या पीएचडीच्या मुलांना आठवड्यातून एकदा चहाला ने. पोरं कुठे अडतात ते त्यांनाच ठाऊक असतं.

आणि सहाव्या आठवड्यात निनावी चिठ्ठ्या माग. सत्र संपल्यावरच्या फॉर्मचा त्या वर्गाला काय उपयोग? माझ्या पहिल्याच गठ्ठ्यात सात जणांनी लिहिलं होतं: फळ्याचा खालचा भाग मागून दिसत नाही.