फोनवरून तपासलं, पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली. रुग्णालय खासगी, पण योजनेच्या यादीतलं. घरी सोडल्यावर सहाव्या दिवशी मनगटाजवळ, जिथून नळी घातली होती तिथे, काळंनिळं दिसलं. फोन केला तर म्हणाले, ‘एवढ्या लांबून येऊ नका, व्हिडिओवर दाखवा.’ डॉक्टरांनी नीट पाहिलं, धीर दिला. मग काउंटरवरून क्यूआर कोड आला, ५०० रुपये भरा म्हणून. आम्ही भरले. हे योजनेत बसत नाही का?
— एक वाचक भगिनी, पाटण तालुका

उत्तर : ताई, हे ५०० रुपये तुमच्याकडून घ्यायला नको होते.

योजनेत रुग्णालयाला प्रत्येक उपचारामागे ठरलेलं पॅकेज मिळतं. घरी सोडल्यानंतरच्या काही दिवसांची फेरतपासणी आणि औषधंही त्याच पैशांत धरलेली असतात. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये ही मुदत १० दिवसांची, केंद्राच्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेत १५ दिवसांची. तुमचा सहावा दिवस दोन्ही हिशेबांनी आत बसतो. सासऱ्यांना गाडीत घालून नेलं असतं, तर ही फेरतपासणी फुकटच व्हायची होती. तेच काम व्हिडिओवर झालं म्हणून ते पॅकेजबाहेर जात नाही. उलट तुमचा गाडीखर्च वाचला आणि रुग्णालयाच्या ओपीडीतली एक खुर्चीही मोकळी राहिली.

काउंटरवर तुम्हाला काय सांगतील ते आत्ताच सांगतो, कारण रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी करताना हे संवाद रोज कानावर पडायचे. ‘मॅडम, टेलिकन्सल्टेशन योजनेत येत नाही.’ यातलं अर्धंच खरं आहे. योजना मुळात भरती रुग्णासाठी आहे, ओपीडीसाठी नाही. त्यामुळे उद्या कोणी नुसत्या सर्दीसाठी व्हिडिओ कॉल केला, तर त्याचे पैसे योजना देणार नाही. पण तुमचा कॉल सर्दीचा नव्हता, योजनेतूनच झालेल्या उपचाराच्या पाठपुराव्याचा होता. हा फरक काउंटरवरच्या पोराला कोणी समजावलेला नसतो, किंवा त्याला समजून घ्यायचा नसतो.

फोनवरच्या तपासणीची फी घेणंच बेकायदा आहे, असं मात्र समजू नका. २५ मार्च २०२० रोजी देशात टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासणी आणि उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वं आली. त्याआधी, विशेषतः २०१८ मधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या एका आदेशानंतर, आपल्याकडचे डॉक्टर फोनवर औषध सांगायला कचरत होते. या तत्त्वांनी डॉक्टरला फी घ्यायची मोकळीक दिली, पण पावती देणं बंधनकारक केलं. तुम्हाला पावती मिळाली का? पत्रात तिचा उल्लेख नाही.

आता मोबाइल उघडा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बघा. पैसे कोणाच्या नावावर गेले, रुग्णालयाच्या की एखाद्या व्यक्तीच्या? व्यक्तीचं नाव असेल तर गोष्ट वेगळ्याच वळणाची आहे. त्या स्क्रीनशॉटची प्रिंट, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स (त्यावर घरी सोडल्याची तारीख असते) आणि कॉलची तारीख लिहिलेला साधा अर्ज घेऊन त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या प्रतिनिधीला, भेटा. आवाज चढवायची गरज नाही. ‘हे पैसे पॅकेजमधले आहेत, परत द्या, नाहीतर कोणत्या नियमाने घेतले ते लिहून द्या,’ एवढंच म्हणा. लिहून द्यायची वेळ आली की बरेचदा पैसेच परत मिळतात. नाही मिळाले, तर योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

आणि एक. सूज वाढत असेल, हात बधिर किंवा गार पडत असेल, तर व्हिडिओच्या भरवशावर थांबू नका. सरळ न्या.

प्रश्न : वय ७४, खासगी कंपनीतून निवृत्त. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं आहे. बीपी आणि शुगरसाठी दर महिन्याला डॉक्टरांशी फोनवर बोलतो, ते ३०० रुपये घेतात. कार्डावर हे होईल का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : नाही होणार, काका. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, हे कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण तेही रुग्णालयात भरती झाल्यावरच. महिन्याची बीपीची गोळी हा ओपीडीचा मामला. माझं मत विचाराल तर धोरणातलं हे मोठं भोक आहे. शुगर वेळच्या वेळी सांभाळली तर भरतीच टळते, पण टाळलेल्या भरतीचं पॅकेज कोणत्याही यादीत नसतं.

तुमच्यासाठी फुकट वाट आहे ती ई-संजीवनीची, म्हणजे सरकारच्या टेलिमेडिसिन सेवेची. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर मोजतात आणि स्क्रीनवर डॉक्टर जोडून देतात. चिठ्ठी तिथेच निघते, औषध साठ्यात असेल तर तेही तिथेच मिळतं. मोबाइलवरून घरबसल्या करायची सोयही आहे, पण पहिल्यांदा केंद्रातूनच करा, कारण मोजलेला आकडा डॉक्टरांसमोर असतो.

खासगी मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून वाचा. विमा नियामकाने जून २०२० मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे की पॉलिसीत डॉक्टरांच्या तपासणीचा खर्च मिळत असेल, तर टेलिमेडिसिनचाही द्यावा. ओपीडीचं कलम पॉलिसीतच नसेल, तर या आदेशाचा तुम्हाला उपयोग नाही. क्लेमसाठी पावती आणि चिठ्ठी दोन्ही लागतील. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं बघा.

आणि सहा महिन्यांतून एकदा तरी डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. त्याच आजारासाठी सहा महिन्यांत भेट झालेली असेल तरच फोन ‘पाठपुरावा’ धरला जातो. नाहीतर ती पहिलीच तपासणी ठरते, आणि मग नुसत्या आवाजी कॉलवर डॉक्टरांना फारशी औषधं लिहून देता येत नाहीत.

प्रश्न : झोपेसाठी अल्प्राझोलम चालू आहे. डॉक्टर ओळखीचे असूनही फोनवर चिठ्ठी देत नाहीत. अडवणूक करतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. अमली आणि मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं टेलिमेडिसिनमधून देण्यावर बंदी आहे, आणि ही गोळी त्या यादीत आहे. ओळख असली तरी नियम तोच. जाऊन भेटा, आणि गोळी किती दिवस चालू आहे हेही त्यांना सांगा.