पावसाळ्यात पावणेदोन वर्षांच्या मुलाला मोबाईल न देता घरात कसं रमवायचं? कोणती खेळणी घ्यावीत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खेळणी घेऊ नका. निदान या पावसाळ्यात तरी नकोत.

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट लहान आहे, मुलगा सकाळपासून पायात पायात येतो, स्वयंपाकघरातली भांडी ओढतो, कपाट रिकामं करतो, आणि सासूबाई म्हणतात, "टीव्ही लावून दे, गप बसेल." ताई, त्याला काय हवंय ते त्याने केव्हाच सांगितलंय. त्याला भांडी हवी आहेत आणि कपाट रिकामं करायचंय. खालचा एक खण त्याच्या नावावर करून टाका. त्यात स्टीलचे डबे, झाकणं, चाळण, लाकडी उलथनं, जुनं लाटणं ठेवा. त्याने दिवसातून हवं तितक्या वेळा ते बाहेर काढावं. आवाज होईल. होऊ दे.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो, आता निवृत्त. बायको अंगणवाडी सेविका होती. मुलगा-सून रत्नागिरीला असतात. सून नर्स आहे, कोविडमध्ये तिला सुट्टी अशी नव्हतीच, म्हणून नात आमच्याकडे चिपळूणला होती. ती साधारण तुमच्या मुलाएवढी होती तो सगळा पावसाळा आम्ही दोघांनी तिला सांभाळलं. बायकोचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, त्यामुळे उठबस सगळी माझ्याकडे. तेव्हा हे ऐकीव नाही, केलेलं सांगतोय.

लिहायला बसण्याचं दुसरं कारण म्हणजे आमचे व्याही. माणूस सज्जन आहे, नातीवर जीव आहे त्यांचा. ठाण्याला राहतात. त्यांनी नातीसाठी एक टॅब पाठवला होता, त्यात इंग्रजी अक्षरांची गाणी भरून. एकदा आले तेव्हा नात ओटीवर बसून परातीत तांदूळ भरत होती आणि ओतत होती. ते म्हणाले, "आमच्या बिल्डिंगमधली दोन वर्षांची मुलं ए टू झेड म्हणतात. ही नुसती भांड्यांशी खेळून मागे पडेल." हे त्यांनी माझ्या बायकोसमोर म्हटलं. वाडीवरच्या कितीतरी पोरांना जिने हाताला धरून पहिल्यांदा घरातून बाहेर आणून बसवलं, तिच्यासमोर. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली. मला ते लागलं, आजही लागतं.

त्याच पावसाळ्यात, २२ जुलै २०२१ ला, चिपळूणला पूर आला. पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि बघता बघता आमच्या ओटीवर आलं. आम्ही नातीला उचलून माडीवर गेलो. कागदपत्रांची पेटी, तांदळाचा डबा, दुधाची पावडर, औषधं, स्टोव्ह आणि पिण्याच्या पाण्याची कळशी एवढंच वर नेता आलं. टॅब खालच्या कपाटात होता, तो गेला. रबरी बाहुली, बॅटरीवरची गाडी, तेही सगळं गेलं. वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. पोरगी रत्नागिरीला आईबापांपर्यंत पोचवणं सोडा, आम्ही जिवंत आहोत हे त्यांना कळवायचीही सोय नव्हती. खाली पाणी चढतंय, फ्रीज भिंतीवर आपटल्याचा आवाज येतोय, आणि वर एका खोलीत दोन म्हातारी माणसं आणि एक तान्हं म्हणावं असं पोर.

माडीवर होतं काय? गणपतीचं सामान. मखराच्या पट्ट्या, माटवी म्हणजे गणपतीवर टांगायची लाकडी चौकट बांधायच्या दोऱ्या, भजनाचे टाळ. एक मोठी परात, रोवळी, दोन सुपं, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पिशवी आणि रद्दीचा गठ्ठा.

बायकोने सुरुवात चिमट्यांनी केली. रोवळीच्या काठाला एक चिमटा लावून दाखवला आणि बाजूला झाली. नातीला चिमटा दाबता येत नव्हता, पण ओढून काढता येत होता. बायकोने लावायचे, हिने काढून परातीत टाकायचे. परातीत पडला की टण्ण. संध्याकाळपर्यंत हिच्या अंगठ्याला युक्ती सापडली आणि एक चिमटा वेडावाकडा का होईना, हिने स्वतः लावला. त्यानंतर माझ्या सदऱ्याला, आजीच्या पदराला, दोरीला, जिथे कड दिसेल तिथे चिमटे.

मग रद्दी. वर्तमानपत्र एका बाजूने फाडलं तर सरळ पट्टी निघते आणि दुसऱ्या बाजूने फाडलं तर वेडंवाकडं जातं, कारण कागदातले धागे एका दिशेने बसलेले असतात. मी सरळ निघणाऱ्या बाजूला थोडीशी फाड करून द्यायचो, पुढचं तिने ओढायचं. खोलीभर पट्ट्या झाल्या. त्यांचे बोळे केले, बोळे सुपात भरले, सूप उपडं केलं, पुन्हा भरले. पत्र्याच्या पेटीवर टाळ वाजवले. मखराच्या पट्ट्या लावून भिंतीकडेला एक बोगदा केला, त्यातून ती रांगत जायची आणि पलीकडे आजीचं तोंड दिसलं की किंचाळायची.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पागोळ्यांवर. माडीच्या खिडकीशी कौलांवरून धारा लागल्या होत्या. मी तिला कडेवर घट्ट धरून एका हाताने धारेखाली फुलपात्र धरलं. रिकाम्या भांड्यात धार पडते तेव्हा एक आवाज, भरत जातं तसा तो बदलत जातो. तिने ते ओळखलं. भरलं की "ओत" म्हणायची. मग तांब्या, मग पितळेची वाटी, प्रत्येकाचा आवाज निराळा. खाली रस्त्याची नदी झाली होती, आणि ही पोरगी कान देऊन भांडं भरताना ऐकत होती. आईची आठवण काढून रात्री रडली, ते रडणारच. आजीने मांडीवर घेऊन बडबडगाणी म्हटली, झोपली.

पाणी उतरलं, तेव्हा घरात गुडघाभर चिखल. लेप्टो, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या भीतीने तिला त्या चिखलाजवळ आम्ही जाऊ दिलं नाही, पण माडीच्या पायऱ्या पुसायला स्वच्छ पाण्याचं एक फडकं तिला दिलं होतं. एकच पायरी ती पुन्हा पुन्हा पुसत बसली.

आता व्याह्यांना माझं म्हणणं असं, आणि तुमच्या सासूबाईंनाही तेच. या वयाच्या मुलाला काम हवं असतं, आणि तेही आपण मोठी माणसं करतो तेच. भरायचं, ओतायचं, उचलून न्यायचं, टाकायचं, पुसायचं, लपवायचं, शोधायचं. तुम्हाला तो पसारा दिसतो. तो त्या वेळी हाताला, मनगटाला आणि डोळ्याला एकत्र चालायला शिकवत असतो. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथल्या आदिवासी वस्तीत कुठून येणार? त्यांनी शिंपले, दगडगोटे, पानं, बिया ही साधनं केली. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, त्यात अंगणवाडी देशभर गेली. माझ्या बायकोने जे केलं ते या परंपरेतलं होतं. परात आणि तांदूळ बघून कुणी तिला अडाणी समजू नये.

पडद्याबद्दलही स्पष्टच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बसून पडदा बघायला लावू नये, आणि दोन ते चारच्या मुलांनाही दिवसात तासाभराच्या वर नको, कमी असेल तितकं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही तेच आहे. रत्नागिरीतल्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलणं निराळं, ते आम्हीही रोज करायचो. अक्षरांची गाणी पाठ होतात, मान्य. पण 'बी फॉर बॉल' म्हणणाऱ्या पोराने बॉल पायरीवरून सोडून तो कुठे थांबतो ते बघितलंय का, हे मी व्याह्यांना विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, "काळ बदललाय." काळ बदलला म्हणून दीड वर्षाच्या मुलाचा हात बदलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असंही म्हटलंय. फ्लॅटमध्ये ती कुठून आणायची हा तुमचा खरा प्रश्न आहे. गादी जमिनीवर टाका आणि त्यावर उड्या मारू द्या. लोडांचा डोंगर करा, चढू द्या. पाण्याची एक लिटरची बाटली अर्धी भरून, झाकण घट्ट लावून या खोलीतून त्या खोलीत न्यायला सांगा, पुन्हा आणायला सांगा. या वयात मुलांना वजन उचलायला फार आवडतं. कांदे-बटाट्याची टोपली आणून द्या, बटाटे एका परातीत, कांदे दुसऱ्या परातीत. धुतलेले कपडे बादलीतून एकेक उचलून त्याने तुमच्या हातात द्यायचे, तुम्ही वाळत घालायचे. वेळ दुप्पट लागेल, पण तेवढा वेळ तो रमलेला असतो आणि तुमचं कामही होतं. कणीक मळताना लिंबाएवढा गोळा त्याला द्या. वाटीभर पाणी आणि रंगाचा जुना ब्रश दिलात तर बाथरूमची भिंत रंगवत बसेल, डागही राहत नाही.

आणि तो एखाद्या गोष्टीत गुंतला की मधे बोलू नका. "अरे वा", "शाब्बास", "हा कुठला रंग सांग" काही नको. व्याही नेमकं हेच करायचे. पोरगी डब्याला झाकण बसवण्यात गढलेली असायची आणि हे मधेच "हाऊ मेनी?" दहा मिनिटं एका वस्तूवर टिकला तर भरपूर समजा, ती दहा मिनिटं मोडू नका. सगळं सामान एकदम बाहेरही ठेवू नका. निम्मं वर टाका, आठवड्याने खालचं वर आणि वरचं खाली.

खेळणं घ्यायचंच असेल तर पांगुळगाडा घ्या. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी मिळतो. मूल चालायला लागलं तरी त्यात सामान भरून ढकलत फिरतं. बाजारातलं दुसरं काही घेतलंत तर आयएसआयची खूण बघा, २०२१ पासून ती सक्तीची आहे.

आता हे आधी लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण लिहितो. मी फळीच्या तुकड्याला सव्वा इंची भोक पाडून ठेवलं होतं. त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात द्यायची नाही, घशात अडकते. नाणी, बटणं, गोट्या, चिंचोके, शेंगदाणे, चणे, सगळं बाद. रिमोटमधले बटणासारखे चपटे सेल तर घरात मोकळे ठेवूच नका. गिळले तर पोटात उतरायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा. तांदूळही त्या भोकातून जातात, म्हणून परातीतले तांदूळ द्यायचे ते आपण समोर बसलेलो असतानाच. चिमटे लाकडी, स्प्रिंग सुटून हातात न येणारे. दोरी गळ्यात जाईल इतकी लांब नको. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी मुलाला तिच्यापाशी एकटं सोडायचं नाही, खेळ संपला की बादली उपडी. खिडकीला गज नसतील तर पागोळ्यांचा खेळ विसरा. कुकर लावलेला असताना मूल ओट्यापाशी नको, मग कितीही रडो.

हेही खरं की आम्ही घरात दोन माणसं होतो आणि दोघंही निवृत्त. तुम्ही दिवसभर एकट्या असता. रोज हे सगळं करणं कुणालाही जमणार नाही, दिवसातून यातल्या दोन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ. मुलगा आजारी आहे, तुम्हालाच ताप आहे, आणि अर्धा तास टीव्ही लागला, तर त्यावरून कुणी तुम्हाला बोलायचं कारण नाही. सासूबाई टीव्ही लावा म्हणतात ना, त्यांनाच समोर बसवा आणि हातात चिमट्यांची पिशवी द्या. त्यांना येतं हे सगळं, त्यांनीही मुलं वाढवली आहेत, कुणी मागितलं नाही म्हणून विसरल्या असतील. मुलाचे बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन पहिला तास मूल त्यांच्याकडे द्या. कणीक त्यांनी भिजवावी, पोराने शेजारी बसून पीठ सांडावं, आणि तुम्ही तेवढा वेळ दार लावून आडव्या व्हा.