आधी ब्रेक ऑइल, मग कॅलिपर

मित्रा, ट्रॅकवर पळवायला तुझ्या पोर्शे ९११ एससीला लगेच पोर्शेच्याच ९३० टर्बोचे कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) बसवायची घाई नको. ९१७ रेसकारवरून आलेले, दिसतात झकास. पण खिसा रिकामा होतो आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल नव्याने जुळवावा लागतो. आधी ऑइल बदल. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषला की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. माझं पेडल एकदा चौथ्या लॅपला ऑइल उकळून थेट खाली टेकलं! ऑइल कोऱ्या चहासारखं झालेलं, दोन वर्षं हातच लावला नव्हता. (सिलिकॉनचं डॉट ५ मात्र ओतू नकोस.) जुने रबरी होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आतून फुगले असतील तर पेडल सोडलं तरी ब्रेक धरून राहतो, तेही बदल. मग ट्रॅकचे पॅड. तरीही फेड (तापून ब्रेक कमी लागणं) जाणवला, तर पुढच्या डिस्कच्या मधोमध हवा नेणारे पाइप बसव.